‘जो कोणी’ म्हणजे कोण?

दिवाळीच्या अंकासाठी पोलिसातल्या गोष्टी लिहून द्या, असे सांगायला संपादक महाशय दोनदा नौपाड्यात आमच्या घरी येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा घेतला आणि दोन्ही वेळा ‘एखादा झकास दरोडा’ मागितला. मी ठाणे जिल्ह्याच्या पोलिसात उमेदीची सगळी वर्षे काढली आणि फौजदार होऊन घरी बसलो, हे खरे आहे. पण माझ्या वाट्याला आले ते तांब्याचे हंडे, वल्ही नसलेली होडी आणि शेजाऱ्याच्या शेतात शिरलेली म्हैस. जो एक झकास दरोडा पडला, त्या आठवड्यात मी हिवतापाने अंथरुणावर होतो. तेव्हा संपादकांची क्षमा मागून मी एका परीक्षेची गोष्ट सांगतो. तीत एक चावरी घोडी आहे, तेवढ्यावर त्यांनी भागवावे.

माझे वडील शाळामास्तर. मी वकील व्हावे असा त्यांचा ध्यास होता, पण मॅट्रिकच्या गणिताने मला दोनदा आपटले आणि तिसऱ्या खेपेला मीच त्याचा नाद सोडला. पोलिसखात्याला तेव्हा चार ओळी नीट लिहिणारी माणसे हवी होती, म्हणून मी शिपायात नाव नोंदवले. बातमी आळीत पसरली तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “अगंबाई, एवढा शिकलेला मुलगा, आणि पोलिसात?” मुलगा पोलिसात गेला की पोलिसांनी नेला, यात त्यांना फारसा फरक वाटत नसावा. आईने आठ दिवस विहिरीवर जाण्याची वेळ बदलली होती.

माझी नेमणूक कल्याणच्या चौकीवर झाली आणि तिथे राघोजी हवालदारांची गाठ पडली. राघोजी जातीचे आगरी, खाडीकाठच्या गावचे. घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबणारी. हा एकटा पोलिसात शिरला आणि अंगच्या हुशारीवर हवालदार झाला. अंग शिसवी, मिशा पांढऱ्या, आणि चालणे असे की बरोबरच्याला धावावे लागे. चिखलातले पाऊल पाहून माणूस ओझे घेऊन गेला की रिकामा, हे ते सांगत. मला ते पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणू लागले. मास्तर माझे वडील होते, हे मी दोन-तीनदा सांगून पाहिले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

बाहेरच्या लोकांना वाटते, पोलीस म्हणजे चोर पकडणारा. चोर पकडणे हा या धंद्यातला सोपा भाग आहे, कारण गावाला चोर बहुधा ठाऊकच असतो. कठीण भाग तो चोर आहे हे कोर्टाला पटवण्याचा. त्यासाठी सरकारने तीन कायदे केले होते. गुन्हा कशाला म्हणावे ते एकात, माणसाला कसे धरावे ते दुसऱ्यात आणि कोर्टाने कशावर विश्वास ठेवावा ते तिसऱ्यात. पहिल्याला आम्ही पिनल कोड म्हणत असू. जुन्या हवालदारांनी यांतला एकही वाचला नव्हता, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नव्हते.

मग ठाण्यास नवे साहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला. प्रत्येक हवालदाराने वर्षाच्या आत पिनल कोडाची तोंडी परीक्षा द्यावी, नापास होईल त्याचा पट्टा उतरवून त्याला शिपाई करावे. ज्या शिपायांना हवालदार व्हायचे असेल त्यांनीही हीच परीक्षा द्यावी. प्रत्येक उमेदवाराला कायद्याच्या मराठी तर्जुम्याची एकेक प्रत सरकारातून मिळाली. मला गुळाची ढेप मिळाल्यासारखे झाले. राघोजींनी मात्र पुस्तक उघडले, उलटे धरले, सुलटे धरले आणि मिटून मांडीखाली ठेवले. त्यांना मोडी थोडीफार येत होती. हे पुस्तक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत छापलेले होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “माज्या घराला गावात हवालदाराचा घर बोलतान. बायकोला हवालदारीन बोलतान. पट्टा गेला त ती पान्याला कंच्या तोंडाने जाल?”

आईच्या विहिरीची वेळ मला आठवली. मी म्हटले, “मी शिकवतो.”

शिकवणे म्हणजे काय, ते मला दुसऱ्याच दिवशी कळले. आमची शाळा रस्त्यावर भरे. कल्याणहून डोंबिवलीकडच्या गावांना फेरीवर जाताना मी कलम वाचायचे आणि राघोजींनी म्हणायचे. मी सुरुवात केली, “जो कोणी लबाडीने, दुसऱ्याच्या कबजातून, त्याच्या संमतीवाचून...”

“थांबा,” राघोजी म्हणाले. “यो ‘जो कोनी’ म्हंजे कोन?”

“कोणीही.”

“कोनीही म्हंजे कोन? त्याचा नाव काय? गाव कंचा?”

मी पुष्कळ समजावले. कायद्याला नाव नसते, तो सगळ्यांना सारखा असतो, वगैरे. मास्तरांच्या मुलाला शोभेल असे व्याख्यान दिले. राघोजी बांधावरून पुढे चालत राहिले. बांध संपल्यावर म्हणाले, “बावीस वर्सं मी मानसांना धरलाय, मास्तर. ‘जो कोनी’ला एकदापन नाय धरला.”

मग त्यांनीच तोड काढली. प्रत्येक कलमाला त्यांनी एक माणूस नेमला. तीनशे एकोणऐंशी, म्हणजे चोरी: वाण्याच्या ओसरीवरून मुसळ नेणारा बारक्या. चारशे अकरा, चोरीचा माल घेणे: बाजारातला एक कासार, ज्याच्याकडे जुनी भांडी फार आणि आठवण कमी. दोनशे सत्याहत्तर, पाणवठा घाण करणे: तळ्यात रेडे धुणारे दोघे भाऊ. पाचशे चार, मुद्दाम अपमान करणे: या कलमासाठी इतके उमेदवार होते की दोन दिवस विचार करून त्यांनी स्वतःच्या सासूला नेमले. नाव एकदा बसले की मागून सगळे कलम शिक्षेसकट धडाधड बाहेर पडे. मी चकित झालो. मी पाठ केलेली कलमे महिन्याने विरून जात. त्यांची जात नसत, कारण ती कल्याणच्या बाजारात रोज समोरून चालत यायची.

“मास्तर, चारशे अकरा आला,” ते हळूच म्हणत, आणि कासार आम्हांला लवून रामराम करी.

घरी गेल्यावर ते सरकारी प्रतीत कलमाशेजारी मोडीत नाव लिहीत. ती प्रत मला दाखवत नसत. दोनशे सतरा आणि दोनशे अठरा ही दोन कलमे आली तेव्हा मात्र त्यांनी नाव सांगितलेच नाही. सरकारी नोकराने कोणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी कायदा मोडला, तर दोनशे सतरा. तशाच हेतूने खोटा कागद केला, तर दोनशे अठरा. “दोनी मानसां हायेत मजकडं,” ते म्हणाले. “पुढं चला.”

आता त्याच सुमारास झालेल्या माझ्या फजितीची गोष्ट सांगणे भाग आहे. डोंबिवलीजवळच्या एका गावात बायजाबाई नावाच्या आगरी विधवेच्या घरातून तांब्याचे दोन हंडे गेले. गुन्ह्याच्या जागी जाऊन, गावच्या दोन-चार पंचांसमोर, जे दिसले ते लिहून काढायचे आणि पंचांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, त्याला पंचनामा म्हणतात. खटला पुष्कळदा त्यावरच उभा असतो. मला माझ्या अक्षराचा आणि भाषेचा फार गर्व होता. ऊन कडक होते. मी विचार केला, घरफोडी ती घरफोडी, तिथे जाऊन घाम गाळत लिहिण्यापेक्षा चौकीतच सावलीत बसून सुरेख मसुदा करून न्यावा. नमुन्यादाखल आलेल्या एका पंचनाम्यावरून मी लिहिले: “घराच्या पश्चिमेकडील मातीच्या भिंतीस हातभर रुंदीचे भोक पाडून चोर आत शिरला असल्याचे दिसते.” गावी गेल्यावर मी दारातूनच नजर टाकली, पंचांना मजकूर घाईने वाचून दाखवला आणि अंगठे घेतले. त्यांनी मान डोलावली. सरकारी कागदाला कोण नाही म्हणतो? राघोजी तेव्हा हंड्यांच्या मागावर होते, आणि त्यांनी दोन दिवसांत हंडे चोराच्या घरून आणले.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने पहिल्या पंचाला एकच प्रश्न विचारला. भिंतीला भोक केवढे होते?

“कंची भित?” पंच म्हणाला. “भित नाय. कूर हाय.”

कुडाचे घर. कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेण सारवलेले. अशा घरात शिरायला भोक पाडतो तो चोर नव्हे, वेडा म्हणावा. दोन काठ्या बाजूला सारल्या की काम झाले. हे बायजाबाईच्या शेरडालाही ठाऊक होते, फक्त मला नव्हते. मॅजिस्ट्रेटांनी माझा सुरेख कागद दोन बोटांत धरून बाजूला ठेवला. आरोपी सुटला. हंडे बायजाबाईचेच, हे शाबीत झाले नाही असे ठरून ते ज्याच्याकडे सापडले त्यालाच परत मिळाले. कोर्टाच्या आवारात ती म्हातारी मला म्हणाली, “तुमी लिवलाव त चांगला, बाबा.” ती रागाने बोलली असती तर मला बरे वाटले असते. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला लाज वाटते.

राघोजी त्या सुटलेल्या माणसाच्या ओटीवर जाऊन बसले आणि प्यायला पाणी मागितले. पाणी पिऊन म्हणाले, “बायजाबायच्या हंड्याचा पानी गोर लागतं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा पाणी, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी आसपासची चार माणसे तेच पाणी प्यायला आणि तेच वाक्य ऐकायला येऊन बसली. चौथ्या दिवशी सकाळी हंडे बायजाबाईच्या दारात उपडे घातलेले सापडले. मी राघोजींना विचारले, हे कोणत्या कायद्यात बसते? ते म्हणाले, “तान लागली, पानी पेलू. त्याला कलम हाय?” मी पुस्तक चाळले. नव्हते.

परीक्षा जवळ आली तसे एकच कलम राहिले, दोनशे एकोणनव्वद. आपल्या ताब्यातल्या जनावराचा नीट बंदोबस्त न ठेवून माणसाच्या जिवाला धोका करणे. याला मात्र राघोजींनी ताबडतोब नाव दिले. “रावसायबांची घोरी.”

ते पूर्वी ठाण्याच्या बाजारात नेमणुकीला होते, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका बड्या रावसाहेबांची घोडी चावरी होती आणि तिची निगा राखणारा मोतद्दार तिला भर बाजारात मोकळी सोडून पान खायला जाई. एके दिवशी तिने हिराबाई नावाच्या कोळणीचा दंड धरला तो सोडीना. हिराबाईने राघोजींकडे फिर्याद केली. तेवढ्यात वाड्यावरून निरोप आला की एवढ्यातेवढ्यासाठी कागद काळे करू नयेत. राघोजींनी ते केले नाहीत. हिराबाईला महिनाभर टोपली उचलता आली नाही. “महिनाभर हवालदारीन तिची टोपली बाजारात न्यायची,” राघोजी म्हणाले. “मना घरात जेवताना वर बघवना.”

परीक्षेच्या दिवशी आम्ही सकाळच्या आगगाडीने ठाण्यास गेलो. राघोजींनी पगडी नवी बांधली होती आणि पट्ट्याचे पितळ चिंचेने घासले होते. कचेरीत साहेब टेबलामागे बसले होते. परीक्षेत निःपक्षपातीपणा असावा म्हणून त्यांनी गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाला शेजारी बसवले होते. राघोजींनी आत पाऊल टाकले आणि ते थबकले. मी मागच्या बाकावर माझी पाळी येण्याची वाट पाहत होतो. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, त्यावरून मला कळायचे ते कळले. तेच रावसाहेब.

पहिले चार प्रश्न झकास गेले. साहेब कलमाचा आकडा म्हणत, राघोजी ओठांतल्या ओठांत नाव पुटपुटत आणि मग मोठ्याने कलम म्हणत. साहेब मुनशीकडे मराठी शिकले होते, त्यांना ते पुटपुटणे मंत्रासारखे वाटले असावे. मग त्यांनी पुस्तकाची बरीच पाने उलटली आणि म्हणाले, “दोनशे एकोणनव्वद.”

राघोजींनी रावसाहेबांकडे पाहिले.

मला घाम फुटला. त्यांचे डोके कसे चालते, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होते. नाव घेतल्याशिवाय कलम बाहेर येणार नाही, आणि नाव तर टेबलामागे बसले आहे. घेतले तर रावसाहेब रुष्ट, न घेतले तर पट्टा गेला. पुटपुटून भागेल म्हणावे, तर खोली लहान आणि रावसाहेबांचे कान तिखट.

“आठवत नाही काय?” साहेबांनी विचारले.

रावसाहेब मायेने पुढे वाकले. “घाबरू नका, हवालदार. सोपे कलम आहे. जनावरासंबंधी आहे.”

“ठावं हाय, रावसायब,” राघोजी म्हणाले.

“मग सांगा की. मनात काय येतंय ते सांगून टाका.”

राघोजींनी पगडी सारखी केली. “तुमची घोरी,” ते म्हणाले, आणि नाव तोंडातून सुटताच मागून कलम आलेच. जो कोणी आपल्या कबजातील जनावराचा पुरेसा बंदोबस्त करण्यात जाणूनबुजून अथवा हयगयीने कसूर करील, इथपासून सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत, एक अक्षर न गाळता. मी इतके शुद्ध म्हणू शकलो नसतो.

साहेबांनी पुस्तकावर बोट ठेवून शब्द तपासले आणि मान वर केली. “बरोबर आहे. घोडी कोणाची?”

“माझी,” रावसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. साहेबांनी विचारले आणि राघोजींनी हिराबाईची हकीकत सांगितली, तीही तशीच, एक अक्षर न गाळता. रावसाहेब एकदम म्हणाले, “मग तेव्हाच माझ्यावर खटला का भरला नाहीत?”

“भराया पायजे व्हता,” राघोजी म्हणाले.

साहेबांना यात आता गोडी वाटू लागली होती. “आणि ज्या पोलिसाने तो भरला नाही, त्याला कोणते कलम?”

“दोनशे सतरा, सायब.”

“तो पोलीस कोण?”

“मीच.”

यावेळी त्यांनी नाव पुटपुटले नव्हते, मोठ्याने घेतले होते. त्यापाठोपाठ दोनशे सतरा कलम त्यांनी सबंध म्हणून दाखवले, दोन वर्षांच्या शिक्षेसकट, आणि हात पट्ट्याच्या बकलाकडे नेला. पट्टा आपणच काढून टेबलावर ठेवायचा त्यांचा विचार दिसत होता.

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि बराच वेळ लिहीत राहिले. मग कागद वाचून दाखवला. हवालदार राघो यास कायद्याचे ज्ञान उत्तम असून तो पास झाला आहे. सदर हवालदाराने पूर्वी कर्तव्यात कसूर केल्याचे स्वतः कबूल केले असल्याने त्यास सक्त ताकीद देण्यात येत आहे. एकाच कागदावर पास आणि ताकीद, दोन्ही मिळवणारा दुसरा माणूस मी नोकरीत पाहिला नाही. कागदाखाली रावसाहेबांची सही लागणार होती. त्यांनी लेखणी उचलली, थांबले आणि म्हणाले, “घोडी अजून चावते हो.” मग सही केली. त्याच आठवड्यात घोडी दावणीला बांधली गेली आणि मोतद्दार हिराबाईच्या दारी जाऊन माफी मागून आला. हिराबाईने ती माफी फार चढ्या आवाजात स्वीकारली, असे ऐकतो.

नंतर माझी पाळी आली. साहेबांनी कलमे थोडीच विचारली आणि म्हणाले, या खोलीचा पंचनामा लिही. मी लेखणी खाली ठेवून आधी उठलो आणि चारी भिंतींना हात लावून पाहिला. साहेबांना हसू आले. राघोजी दारात उभे होते, त्यांनी मात्र गंभीरपणे मान हलवली. मी पास झालो.

राघोजी हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. पुढे ते वारल्यावर त्यांचा मोठा मुलगा मिठागरावरून चालत माझ्याकडे आला आणि फडक्यात बांधलेले ते सरकारी पुस्तक देऊन गेला. “बा बोलला व्हता, मास्तरांना द्या.” मी समासातली मोडी नावे वाचत बसलो. बारक्या होता, कासार होता, सासूबाई होत्या, घोडी होती. दोनशे सतराशेजारी लिहिले होते, ‘राघो’. त्याच पानावर, खाली, दोनशे अठराशेजारी दोन शब्द होते. ‘मास्तर. कूड.’

परीक्षेपूर्वी, रोज वाटेत माझ्यामागून कलमे म्हणताना, हंड्यांसाठी चार दिवस पाणी पिताना, हे नाव त्यांच्या डोक्यात होते. आणि त्यांनी ते मला एकदाही ऐकवले नाही.

माझा धाकटा मुलगा आता मुंबईस कायद्याच्या पदवीचा अभ्यास करतो. माझ्या वडिलांची इच्छा एक पिढी उशिराने का होईना, पुरी होते आहे. गेल्या सुटीत त्याने हे पुस्तक पाहिले, ते पान वाचले आणि वकिलाच्या थाटात म्हणाला, “अप्पा, दोनशे अठराला वाईट हेतू सिद्ध व्हावा लागतो. तुमचा तो नव्हता. हे कलम तुम्हांला लागूच होत नाही. खोडून टाकू का?”

मी म्हटले, “परीक्षेत तसेच लिही. तुला पुरे गुण मिळतील.” आणि पुस्तक त्याच्या हातून काढून घेतले.